गुणपत्रिकेचे भाषांतर

दिवाळीच्या सुटीच्या सुमारास एखादा विद्यार्थी अमेरिकी विद्यापीठांचे अर्ज घेऊन आमच्याकडे येतो, हे आता नवे राहिलेले नाही. काही वर्षांपूर्वी आलेली एक मुलगी मात्र आमच्या लक्षात राहिली. तालुक्याच्या गावी मराठी माध्यमात शिकलेली, दहावीत केंद्रात पहिली आणि आता बारावीला. अर्जात तिच्याकडे नववीपासूनच्या चारही वर्षांचे गुण मागितले होते. दहावीची गुणपत्रिका तिने प्लास्टिकच्या आवरणात जपून ठेवली होती. नववीचे प्रगतिपुस्तक मात्र केव्हाच रद्दीत गेले होते. ‘नववीचे गुण कोण जपून ठेवते?’ हा तिचा प्रश्न आम्हांला वरकरणी भाबडा वाटला. विचार करू लागलो तेव्हा ध्यानात आले, की त्यामागे दीडशे वर्षांचा इतिहास आहे आणि समोरच्या अर्जामागेही तेवढाच मोठा, पण अगदी वेगळा इतिहास आहे.

आपला इतिहास १८५७ पासून सुरू होतो. मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथील विद्यापीठे त्या वर्षी स्थापन झाली ती लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर; म्हणजे शिकवणारी नव्हे, तर परीक्षा घेणारी विद्यापीठे म्हणून. मुंबईची पहिली प्रवेश परीक्षा १८५९ साली झाली आणि तिच्या उत्तीर्णांत न्यायमूर्ती रानडे होते. पुढे ‘मॅट्रिक’ या नावाने घराघरांत पोहोचलेल्या या परीक्षेचे मर्म असे, की शाळेचे स्वतःचे मत तिथे विचारातच घेतले जात नसे. विद्यार्थी वर्षभर कसा होता हे सांगण्याचा अधिकार त्याच्या गुरुजींना नव्हता. तो कुठेतरी दूर बसलेल्या, त्याला न ओळखणाऱ्या परीक्षकाला होता. मॅट्रिकची एस. एस. सी. झाली, १९६६ साली आजचे राज्य मंडळ आले, १९७५ पासून अकरावीऐवजी दहावीला शालान्त परीक्षा होऊ लागली. पण हे मर्म बदलले नाही. आपल्या लेखी नववी ही रंगीत तालीम. तालमीची तिकिटे कोणी जपत नाही.

या पद्धतीची यथेच्छ निंदा आपण सगळ्यांनीच केली आहे. परंतु तिच्यात एक न्याय होता, हे विसरता कामा नये. ओळख नसलेल्या परीक्षकाला पूर्वग्रह बाळगायला तितकीशी जागा उरत नाही. ज्या बाबासाहेब आंबेडकरांना शालेय वयात वर्गात वेगळे बसावे लागले, त्यांना १९०७ साली मॅट्रिकचे प्रमाणपत्र मिळाले ते या परक्या परीक्षेमुळे. १९१२ साली ते मुंबई विद्यापीठाचे बी. ए. झाले आणि १९१३ साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले. सातारच्या शाळेतील शिक्षकांच्या शेऱ्यांवर त्यांचे भवितव्य ठरायचे असते, तर काय झाले असते, याची कल्पनाच केलेली बरी.

अमेरिकेत गोष्टी उलट दिशेने घडल्या. तिथे साऱ्या देशाची परीक्षा घेणारी मध्यवर्ती सत्ता नव्हती. मिशिगन विद्यापीठाने १८७१ पासून ठरावीक शाळांची पाहणी करून त्यांच्या विद्यार्थ्यांना परीक्षेविना प्रवेश द्यायला सुरुवात केली. म्हणजे विश्वास शाळेवर ठेवला. १८९७ साली माउंट होल्योक महाविद्यालयाने गुणांना अक्षरांची श्रेणी दिली. सामाईक प्रवेश परीक्षेसाठी १९०० साली कॉलेज बोर्ड स्थापन झाले आणि १९२६ साली एस. ए. टी. आली, तरीही शाळेचा चार वर्षांचा आलेख हाच अर्जाचा कणा राहिला. त्याला निबंध, शिफारसपत्रे आणि ‘चारित्र्य’ यांची जोड मिळाली ती १९२०च्या दशकात. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन यांसारख्या विद्यापीठांना ज्यू विद्यार्थ्यांची वाढती संख्या आवरायची होती, आणि निव्वळ गुणांनी ते साधत नव्हते. विद्यार्थ्याला ‘समग्रपणे’ पाहण्याच्या त्या उदार कल्पनेला असा अनुदार जन्मही आहे.

यांतल्या बहुतेक गोष्टींच्या आधी, १८८३ साली, पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाकडे आनंदीबाई जोशींचा अर्ज गेला. आपण काय काय शिकलो आहोत हे त्यांनी स्वतःच पत्रातून निवेदन केले होते. ते पत्र तिथे कोणीतरी नीट वाचले आणि १८८६ साली आनंदीबाई डॉक्टर झाल्या. येथे गुणांचे रूपांतर करण्याचा प्रश्नच आला नाही; फक्त एका चांगल्या वाचकाची गरज होती.

आज तो वाचक नेमके काय वाचतो? साहित्याच्या अभ्यासकांना येथे भाषांतराचा जुनाच पेच दिसेल. आपल्याकडे ३५ला उत्तीर्ण आणि ६०ला प्रथम श्रेणी. माउंट होल्योकच्या त्या पहिल्या कोष्टकात ७५च्या खाली सरळ नापास. मराठीच्या उत्तरपत्रिकेला ६५ गुण देताना हात आखडणारी आमची पिढी अमेरिकी शिक्षकाला क्रूर वाटेल. शब्दाला शब्द ठेवला की भाषांतर फसते, तसे टक्क्याला टक्का ठेवला की विद्यार्थी फसतो. म्हणूनच परदेशी गुणपत्रिका तपासणाऱ्या अनेक संस्था आपली प्रथम श्रेणी म्हणजे तिथला ‘ए’ असे धरत आल्या. पण मूळ संहिताही स्थिर नाही. राज्य मंडळाने २०१० पासून दहावीला उत्तम पाच विषयांची टक्केवारी धरली. केंद्रीय मंडळाने त्याच सुमारास दहावीला गुणांऐवजी श्रेणी दिली आणि पुढे २०१८ साली पुन्हा सक्तीची परीक्षा आणली. १९८० सालचे ८० टक्के आणि आजचे ८० टक्के हे एकाच शब्दाचे दोन काळांतले दोन अर्थ आहेत.

तेव्हा कोष्टक पुरत नाही, संदर्भ लागतो. तो पुरवण्यासाठी अर्जासोबत शाळेचा परिचय आणि समुपदेशकाचा अहवाल मागतात. मुंबई-पुण्याच्या महागड्या शाळांत हे काम करणारा पगारी माणूस असतो. आमच्याकडे आलेल्या मुलीच्या शाळेत ‘समुपदेशक’ हा शब्द आम्हांलाच समजावून सांगावा लागला. अपरिचित परीक्षकाचा न्याय कठोर, पण फुकट होता. परिचित शिक्षकाचा न्याय प्रेमळ, पण तो मांडायला साधने लागतात.

ही विषमता फारशी डोळ्यांवर येत नाही, याचे कारण आकड्यांत आहे. २०२३-२४ या वर्षी अमेरिकेत ३,३१,६०२ भारतीय विद्यार्थी होते. त्यांपैकी पदवीपूर्व शिक्षण घेणारे सुमारे ३६ हजारच. बहुतेक जण येथली पदवी घेऊन जातात, आणि तेव्हा शाळेच्या गुणांना फारसे महत्त्व उरत नाही.

आपली पद्धत एकदाच उलटी झाली. २०२१ साली महासाथीमुळे दहावीची परीक्षा रद्द झाली, तेव्हा मंडळाने १०० पैकी ५० गुण नववीच्या निकालावरून दिले. निकाल लागला ९९.९५ टक्के, आणि त्यावर कोणाचाच विश्वास बसला नाही. आपल्याच शिक्षकांनी दिलेले गुण आपल्याला खोटे वाटले. तिकडे त्याच काळात एस. ए. टी. अनेक ठिकाणी ऐच्छिक झाली. पण २०२२ साली एम. आय. टी.ने आणि २०२४ साली येल, हार्वर्ड आदींनी ती पुन्हा आवश्यक केली. नुसत्या शाळेच्या शब्दावर विसंबणे त्यांनाही जमले नाही.

त्या मुलीचे नववीचे निकालपत्रक अखेर शाळेच्या कपाटात सापडले. गुण उत्तम होते. वर्गशिक्षिकेचा शेरा होता : ‘प्रगती समाधानकारक.’ त्याचे इंग्रजी आम्हीच करून दिले, आणि तिथेच अडलो. आपल्याकडे हा शेरा आईवडिलांना निर्धास्त करतो. अमेरिकी वाचकाला तो कसाबसा दिलेला होकार वाटतो. आम्ही शब्दशः भाषांतर केले आणि खाली चार ओळींची टीप जोडली. एका महाविद्यालयाने प्रवेश दिला, पण खर्चाचा निम्माही भार उचलला नाही. ती गेली नाही. आता ती येथेच पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि पुन्हा अर्ज करणार आहे. या वेळी नववीचे गुण तिला कोणी विचारणार नाही. मात्र तिच्या शाळेतल्या यंदाच्या मुलांचे निकालपत्रक त्याच कपाटात आहे, आणि त्यावर शेरा लिहिणाऱ्या शिक्षकांना हे सारे कोणीतरी सांगायला हवे.