शेवटची धार कोणाची?



दुधाचा इतिहास निघाला की काही नावे हटकून घेतली जातात. मुंबईजवळ आरे वसाहत उभी करणारे दारा खुरोडी, खेडा जिल्ह्यातील शेतकऱ्यांचा संघ बांधणारे त्रिभुवनदास पटेल आणि तो संघ नावारूपाला आणणारे व्हर्गीस कुरियन. १९६३ साली या तिघांना मिळून रेमन मॅगसेसे पुरस्कार देण्यात आला. त्यांचा हा मान रास्तच होता. पण म्हशीच्या कुशीला डोके टेकून, गुडघ्यांत चरवी धरून जो गडी पहाटे चारला बसतो, किंवा पुष्कळ घरी जी बाई बसते, तिच्या हाताचाही एक इतिहास आहे. तो आज एका लहानशा प्रश्नाच्या आधाराने पाहू. प्रश्न असा, की कासेतली शेवटची धार कोणाची?

आता कुणी म्हणेल, पहिली काय आणि शेवटची काय, दूध ते दूधच! पण तसे नाही. पहिल्या धारा पातळ असतात. गाईच्या पहिल्या धारांत स्निग्धांश शेकडा एक-दोनच भरतो. कास रिकामी होत जाते तसे दूध दाट होते आणि अखेरच्या धारांत हाच अंश त्याच्या कित्येक पट असतो. शिवाय कासेत दूध राहून गेले, तर जनावर हळूहळू कमी दूध देऊ लागते. म्हणजे आजची शेवटची धार ही आजच्या लोण्याची आणि उद्याच्या दुधाचीही किल्ली आहे. ही गोष्ट काचेच्या नळीने सिद्ध होण्याच्या कितीतरी आधी धार काढणाऱ्या हाताला ठाऊक होती.

त्या हाताचे कसब तरी काय असते? पहिले कसब पान्ह्याचे. दूध काही कासेत नळाच्या पाण्यासारखे साठलेले नसते. वासराचे तोंड लागले, कासेला ऊन पाण्याचा हात लागला, ओळखीची चाहूल आली, म्हणजे जनावराच्या मेंदूतून ऑक्सिटोसिन नावाचा रस रक्तात उतरतो आणि मग दूध सडांकडे येते. हा पान्हा काही मिनिटेच टिकतो. त्या अवधीत हात चालला पाहिजे. जनावर बुजले, कुणी ओरडले, काठी दिसली, की पान्हा आटतो. म्हशीचे तर आणखी अवघड. गाईच्या कासेत सडाजवळच्या पोकळीत थोडे तरी दूध आधी उतरलेले असते. म्हशीच्या कासेत ते फारच थोडे. तिने पान्हा चोरला की संपलेच. म्हणून चांगला गडी आधी जनावराशी बोलतो, पाठीवरून हात फिरवतो, आंबोण पुढे ठेवतो आणि मगच खाली बसतो. याला कुणी लाडीगोडी म्हणो. पण धंद्याचे शास्त्रच ते.

दुसरे कसब मुठीचे. अंगठा आणि तर्जनी यांनी सड वरून बंद करायचा, आणि मग बाकीची बोटे एकामागून एक मिटत दूध खाली उतरवायचे. याला मुठीने पिळणे म्हणतात. काही जण अंगठा दुमडून त्याच्या पेरावर सड दाबतात. तसे केल्याने सडाला आतून इजा होते. चिमटीने ओढणे हे आखूड सडांपुरते आणि अगदी अखेरच्या धारांपुरते ठीक. तिसरे कसब नजरेचे. पहिल्या दोन-चार धारा वेगळ्या भांड्यात काढून त्यात गुठळी आहे का, रक्ताची झाक आहे का, हे पाहिले की कासेचा आजार सुरुवातीलाच सापडतो.

आता इतिहासाकडे वळू. आगगाडी येण्यापूर्वी दूध फार लांब जात नसे, कारण ते नासते. सह्याद्रीच्या माथ्यावरचे धनगर गवळी दूध विकण्यापेक्षा लोणी आणि तूप करून खाली आणीत आणि त्याच्या बदल्यात धान्य नेत. घरच्या गोठ्यातही हीच तऱ्हा. दूध घरात, तूप बाजारात. अशा गोठ्यात धार काढणारा आणि जनावराचा धनी एकच असे. वासराला आधी पाजायचे, मग धार काढायची, आणि पुन्हा थोडे वासरासाठी सोडायचे, अशी पुष्कळ ठिकाणी रीत होती. शेवटची धार वासराची, असे जणू ठरलेलेच होते. त्यात भूतदया होती तसा हिशेबही होता. कारण आजची कालवड हीच उद्याची दुभती गाय.

मुंबई, कलकत्ता अशी शहरे वाढली आणि हा हिशेब मोडला. शहरात दूध बाहेरून वेळेवर पोहोचेना, म्हणून म्हशीच शहरात आल्या. चाळींच्या शेजारी तबेले उभे राहिले. म्हशीचा मालक एक, आणि पगारावर धार काढणारा गडी दुसरा. वैरण विकतची आणि जागा भाड्याची. अशा ठिकाणी रेडकू म्हणजे नुसता खर्च. ते उपासमारीने मेले, तर त्याच्या कातड्यात पेंढा भरून म्हशीपुढे ठेवीत. म्हैस भाकड झाली, की पुढच्या वेतापर्यंत तिला पोसणे परवडत नसे; मग चांगल्या जातिवंत म्हशीही कसायाकडे जात. आणि पान्हा सोडेना त्या जनावरावर फुक्यासारखा क्रूर प्रकार होई. म्हणजे जनावराच्या योनिमार्गात नळीने हवा फुंकून दूध उतरवणे. कलकत्त्याकडून आलेल्या मजकुरात गाई-म्हशींच्या अशा हालांची वर्णने वाचून गांधीजींचे मन दुधावरून उडाले आणि १९१२ साली दक्षिण आफ्रिकेत त्यांनी दूध सोडले. पुढे १९६० च्या प्राण्यांवरील क्रूरताप्रतिबंधक कायद्यात फुक्याला स्पष्ट मनाई झाली. दूध वाढवण्यासाठी अपायकारक औषध टोचणेही त्याच कलमात बसते. आज पान्ह्यासाठी परस्पर इंजेक्शन टोचणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे.

ध्यानात घ्या, फुका ही अडाण्याची चूक नव्हती. पान्हा कशाने येतो हे गड्याला पुरते ठाऊक होते. पण वासरू नाही, वेळ नाही आणि मालक डोक्यावर. अशा वेळी कसबाची जागा जबरदस्तीने घेतली. इथे शेवटची धार वासराची राहिली नाही, आणि गड्याची तर ती कधीच नव्हती.

याच काळात दुसरीकडे एक निराळी शिस्त सुरू झाली. लष्कराला स्वच्छ दूध हवे होते. १८८९ साली अलाहाबादला पहिला लष्करी दुग्धालयाचा मळा निघाला. अशा मळ्यांची ही परंपरा २०२१ पर्यंत चालली. तिथे प्रत्येक गाईला क्रमांक, प्रत्येक वेळच्या दुधाचे वजन आणि त्याची नोंद. वासरू जन्मल्यावर वेगळे करून त्याला बादलीतून मोजून दूध पाजायचे. १९२३ साली बंगलोरला पशुसंवर्धन आणि दुग्धव्यवसायाची सरकारी शिक्षणसंस्था निघाली, आणि प्रकृतीसाठी तिकडे गेलेले गांधीजी १९२७ साली तिथे चक्क विद्यार्थी म्हणून जाऊन बसले. ज्यांनी दूध सोडले, तेच गोपालन शिकायला गेले! गाय वाचवायची तर ती नीट पाळण्याची विद्या हवी, हे त्यांना पटले होते.

स्वातंत्र्यानंतर मुंबईत खुरोडींनी मोठे काम केले. १९४९ साली गोरेगावजवळ आरे दुग्ध वसाहत सुरू झाली. १९५१ साली पंडित नेहरूंच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. शहरातल्या तबेल्यांतल्या म्हशी तिथे हलवाव्यात, मालकांना गोठा सरकारने द्यावा, दूध सरकारने घ्यावे आणि ते तापवून, निववून, बाटलीत भरून घरोघर पोहोचवावे, अशी ती योजना. गड्यांच्या दृष्टीने बदल मोठा होता. पक्की फरशी, वाहते पाणी, धुतलेली कास. पण म्हैस मालकाची आणि गडी पगारी, हे नाते तेच राहिले. आणखी एक बदल कासेपासून दूर झाला. म्हशीच्या दाट दुधात साय काढलेल्या दुधाची भुकटी आणि पाणी मिसळून स्निग्धांश शेकडा तीनवर आणायचा, म्हणजे ‘टोन्ड’ दूध तयार होते आणि ते स्वस्तात देता येते. म्हशीच्या शेवटच्या धारेतला दाटपणा असा कितीतरी गरीब मुलांत वाटला गेला.

खेडा जिल्ह्याची गोष्ट निराळी. १९४६ साली तिथल्या शेतकऱ्यांनी व्यापाऱ्याला दूध द्यायचे बंद केले आणि आपला सहकारी संघ काढला. आपल्याकडे कोल्हापूर जिल्ह्याचा संघ १९६३ साली निघाला. या पद्धतीचे मर्म दोन गोष्टींत होते. धार काढणारा आणि म्हशीचा धनी पुन्हा एकाच घरात आले. आणि दुधाची किंमत मापाबरोबर स्निग्धांशावर ठरू लागली. पूर्वी दुधात बुडवायचा तो दुग्धमापक. पण तो नुसता दाटपणा पाहतो. पाणी घातले तर तो खाली बुडतो, साय काढली तर वर येतो. आणि लबाडाने दोन्ही बेताने केले, तर बिचारा फसतो. स्विस रसायनज्ञ गर्बर यांची नळी तशी फसत नाही. तीत दूध, गंधकाम्ल आणि थोडे अमाइल अल्कोहोल घालून ती गरगर फिरवली, की स्निग्धांश वेगळा होऊन नळीच्या खुणांवर दिसतो. ज्या घरी शेवटची धार नीट काढली जाते, त्या घरचा आकडा चढतो. हाताचे कसब प्रथमच पैशांत मोजले गेले.

पण इथेच नवा पेच उभा राहिला. शेवटच्या धारेला भाव आला, की ती वासराला सोडायची की संस्थेला घालायची? रोज पहाटे हा न्याय कोण करते? बहुतेक घरी बाईच. वैरण ती आणते, शेण ती काढते, पान्हा तिच्याच हाताला येतो. पण संस्थेच्या वहीत नाव मात्र पुष्कळदा घरधन्याचे, आणि पगाराची सहीही त्याचीच. तबेल्यातल्या गड्याला शेवटच्या धारेत वाटा नव्हता. घरच्या बाईला वाटा आहे, पण तो तिच्या हाती पडतोच असे नाही. महिलांच्या दूधसंस्था निघाल्या त्या याच कारणाने. तिथे सभासद तीच आणि सहीही तिचीच.

आता यंत्रे आली आहेत. यंत्र पोकळी निर्माण करून सडातून दूध ओढते आणि मिनिटाला साठेक वेळा दाब सोडते. पण यंत्रालाही पान्हा आणता येत नाही. कास धुणे, पहिली धार पाहणे, यंत्र वेळेवर काढणे, आणि धारेनंतर सडाचे तोंड मिटेपर्यंत जनावर खाली बसू नये म्हणून पुढे वैरण टाकणे, ही कामे माणसाचीच राहिली. यंत्राने बोटांचे श्रम वाचवले. जाण माणसाकडेच ठेवली.

शिक्षकांना एक विनंती. वर्गातल्या दोन मुलांना घरच्या गाईच्या पहिल्या धारांचे आणि शेवटच्या धारांचे दूध वेगवेगळ्या काचेच्या पेल्यांत रात्रभर थंड जागी ठेवायला सांगा. सकाळी दोन्हींवरची साय पट्टीने मोजू द्या. आणि मग विचारा, की धार कोणी काढली, वासराला किती सोडले, आणि संस्थेच्या वहीत नाव कोणाचे आहे? पहिल्या प्रश्नाचे उत्तर बहुतेक मुले ‘आई’ असे देतील. तिसऱ्याचेही तेच उत्तर ज्या गावात येईल, त्या गावात शेवटच्या धारेचा हिशेब पुरा झाला असे समजावे.