मयाल उतरताना

हे घर तुमचंच आहे असं धरून चला आणि छपरावर चढा. सकाळचे सहा वाजलेत, उन्हाळा आहे, खाली मोहाची फुलं संपत आलीत. गाव कोहा, जिल्हा अमरावती, एकविसावं शतक नुकतंच लागलेलं. बोरी, कोहा आणि कुंड ही तीन कोरकू गावं मेळघाट व्याघ्र प्रकल्पातून उठून डोंगराखाली, अकोला जिल्ह्यातल्या अकोट तालुक्यात जायची आहेत. त्यांच्या आधी या प्रकल्पातून एकही गाव उठलेलं नाही, त्यामुळे घर कसं न्यायचं हे विचारायला कुणी नाही.

आढ्यावरचं कवेलू पहिल्यांदा काढा. मग एकेक ओळ खाली येऊ द्या. तुम्ही काढायचं, शिडीवरच्या पोरानं घ्यायचं, खाली बाईनं रचायचं. हळू! कवेलूखालून विंचू निघतो, तो पायावर पडायच्या आत झटका. कवेलू गेले की बांबूच्या कामट्या उघड्या पडतात. चुलीवरच्या भागातल्या कामट्या धुरानं काळ्याकुळकुळीत झाल्यात आणि त्यांनाच किडा लागलेला नाही. पलीकडच्या, जिथे धूर पोचला नाही त्या, बोटानं दाबल्या तर भुगा होतो. त्या सोडून द्या. कुडाच्या भिंतीही सोडून द्या. कूड पुन्हा विणता येतो, शेणमाती कुठेही मिळते.

फाट्यांवर, म्हणजे छपराच्या वाशांवर, कोळशानं खुणा करा. उगवतीकडून एक रेघ, दोन रेघा, तीन. ही युक्ती गावात कुणी शिकवली नाही, पण खाली गेल्यावर कोण कुणाशेजारी होतं हे लाकूड स्वतःहून सांगणार नाही, एवढं सगळ्यांना कळतं.

मयाल, म्हणजे खांबांवरची लांब तुळई, उतरवायला सहा माणसं लागतात. आणि खांब? खांबाला खणावं लागतं. वर बेळकं असलेला हा सागाचा खांब जमिनीत गुडघाभर आहे. माती बाजूला करा, मुळाशी हात घाला. साल आणि वरचं पांढरं लाकूड कधीच कुजून गेलंय, आतला गाभा मात्र दगडासारखा. तिथेच हात राहू द्या आणि मागं चला.

पन्नासेक वर्षांमागं तुमचा आजा हाच खांब उभा करतोय. अवसेच्या आसपास तोडलेलं लाकूड टिकतं, असं तो मानतो; शास्त्र काय म्हणतं ते त्याला कुणी विचारलेलं नाही. गाव दोन ओळींत बसलंय, मध्ये रुंद रस्ता, दारं समोरासमोर. सकाळी दार उघडलं की समोरच्या घरात चूल पेटली की नाही ते दिसतं. आणखी मागं गेलात तर 1853 लागेल, निजामाचा वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली जातो, आणि मग सागावर सरकारी शिक्का बसतो. जंगलात वस्ती चालते, कारण लाकूड तोडायला, रस्ते करायला माणसं हवीत. 1973-74 मध्ये देशातले पहिले नऊ व्याघ्र प्रकल्प ठरतात, त्यात मेळघाट येतो, आणि तीच वस्ती हिशेबात जास्तीची होते. वाघाला जागा लागते हे खोटं नाही. पण ती जागा कुणाच्या दारापुढची आहे, हे विचारायला फार उशीर लावला गेला, असं माझं मत.

परत या, ट्रक आलाय.

ड्रायव्हर वऱ्हाडातला. मयालीकडे बघून तो डोकं खाजवतो. "भाऊ, हे लंबं हाय लय. मागं टोक लटकन. लाल फडकं बांधा." म्हातारीचं जुनं लुगडं फाडून फडकं बांधलं जातं. खांब, फाटे, दार, चौकट, बांबूची कोठी, कोंबड्या, जातं, सगळं चढतं. गावाबाहेर मेलेल्यांच्या नावानं उभे केलेले मुंडे आहेत, लाकडावर सूर्य, चंद्र आणि घोडेस्वार कोरलेला. त्यांच्याकडे कुणी बोट दाखवत नाही. गावदेव मुठव्याच्या दगडापुढे भूमका, गावचा पुजारी, बराच वेळ बसून राहतो आणि ड्रायव्हर, शहाणा माणूस, हॉर्न वाजवत नाही.

ट्रक घाट उतरतो तसा नरनाळा किल्ल्याचा डोंगर मागं राहतो. हवा बदलते. पुढे सपाट, काळं, पऱ्हाटीचं रान. नव्या जागेवर चुन्याच्या रेघा मारलेले प्लॉट, प्रत्येकाला नंबर. मयाल प्लॉटच्या रेघेबाहेर हातभर जाते. कापायची? दोन दिवस वाद होतो, मग कापतात. कोळशाच्या खुणा जुळतात, फाटे जागच्या जागी बसतात, चौथ्या दिवशी छप्पर चढतं. कवेलू मात्र बरेच वाटेतच फुटलेत, तिथे टिनाचा पत्रा.

आता पहिला पावसाळा येऊ द्या. वरची लाल मुरमाड जमीन पाणी पिऊन गप्प बसायची. ही काळी माती फुगते, आणि उन्हाळ्यात भेगाळून हात जाईल एवढी फाटते. पन्नास वर्षं तसूभर न हललेला खांब दोन वर्षांत कलतो. चौकट तिरकी होते, दार घासतं. कापसाच्या पट्ट्यातला शेतकरी हे जाणतो, म्हणून तो पाया खोल, मुरमापर्यंत नेतो. तुम्हाला ते कुणी सांगितलेलं नसतं. दार उघडून समोर बघा. जो समोर राहायचा तो आता तिसऱ्या गल्लीत आहे, नंबर तसा निघाला.

पुढची वर्षं भराभर जातात. तेव्हा कुटुंबामागं एक लाखाची मदत होती, 2008 पासून दहा लाख, 2021 मध्ये पंधरा. आणखी गावं उतरतात: गुल्लरघाट, केलपाणी, धारगड, सोमठाणा. 2019 च्या जानेवारीत अशाच उतरलेल्या गावांतली माणसं पाणी, जमीन, वचनं यांचा हिशेब मागत जंगलात परत चढतात. वनखात्याचे लोक आणि गावकरी यांच्यात मारामारी होते, दोन्हीकडची माणसं जखमी होतात. तिकडे कोह्याच्या जागी कुरण झालंय. गवत चांगलं आहे, सांबर येतं. वाघासाठी जे व्हायला हवं होतं ते झालं, हेही लिहिलं पाहिजे.

आणि आज तुमच्या अंगणात वरच्या एका गावातून पाहुणे आलेत. त्यांचं अजून ठरायचंय. चहा होतो. बोअरला पाणी किती, सातबारा कुणाच्या नावावर, दवाखाना किती लांब, सगळं विचारून होतं. मग त्यांच्यातला एक म्हातारा कललेल्या खांबावर हात ठेवतो आणि विचारतो, घर आणावं का?

तुम्ही त्याला सांगता: दारं आणा, चौकटी आणा, मयाल प्लॉट मोजून मगच आणा. खांब आणले तर काळ्या मातीत गाडू नका, खाली काँक्रीटचा ठोकळा द्या. आणि बाबा, सही करायच्या आधी नकाशा मागा. नंबर टाकू देऊ नका. दोन ओळी मागा, समोरासमोर.