सर्वांत कमी तार: एका प्रश्नाचा प्रवास

मोबाइल फोनला आपण बिनतारी म्हणतो, पण ते अर्धेच खरे आहे. आपला आवाज बिनतारी जातो तो फक्त जवळच्या टॉवरपर्यंत. तेथून पुढे त्याला बहुधा जमिनीखालून, केसासारख्या बारीक काचेच्या तंतूतून, प्रकाशाच्या रूपाने प्रवास करावा लागतो. रस्त्याकडेला खणलेले अरुंद चर आणि केबलची मोठमोठी रिळे आपल्याला दिसतात, ती पुष्कळदा यासाठीच. चर खणणे हा या कामातला मोठा खर्च. मग सगळे टॉवर जोडले जातील आणि तरीही चर कमीत कमी खणावा लागेल, असे जाळे आखायचे कसे?

आज हे काम संगणकावर, भौगोलिक माहिती प्रणालीच्या, म्हणजेच जीआयएसच्या साहाय्याने होते. मात्र या प्रश्नाचा गाभा मोबाइलपेक्षा कितीतरी जुना आहे.

सर्व बिंदू जोडायचे आणि तार वाचवायची, तर जाळ्यात कोठेही वेटोळे असता कामा नये. अशी वेटोळे नसलेली जाळी किती निघतील? आर्थर केली या इंग्रज गणितज्ञाने १८८९ साली दिलेल्या सूत्रानुसार ५ बिंदूंसाठी १२५, तर १० बिंदूंसाठी तब्बल १० कोटी! एकेक तपासत बसणे शक्य नाही. युक्तीच हवी.

ती युक्ती सापडली आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या मोराव्हिया प्रांतात. पहिल्या महायुद्धानंतर तेथील गावोगावी वीज पोचवण्याचे काम चालू होते. वीज कंपनीत काम करणाऱ्या यिंद्रिख साक्सेल यांनी तारेच्या बचतीचा प्रश्न आपले गणितज्ञ मित्र ओटाकार बोरुव्का यांच्यापुढे ठेवला. बोरुव्कांनी १९२६ साली उत्तर प्रसिद्ध केले. प्रत्येक गाव त्याच्या सर्वांत जवळच्या गावाला जोडा, म्हणजे गावांचे पुंजके होतील. मग प्रत्येक पुंजका त्याच्या सर्वांत जवळच्या पुंजक्याला जोडा. सगळे मिळून एकच पुंजका होईपर्यंत हेच करत राहा.

हा लेख चेक भाषेत होता, त्यामुळे फार थोड्यांनी तो वाचला. त्यांच्याच देशातल्या व्होयत्येख यार्निक यांनी १९३० साली दुसरी रीत सांगितली. अमेरिकेत बेल प्रयोगशाळेतल्या रॉबर्ट प्रिम यांनी १९५७ साली तीच रीत पुन्हा स्वतंत्रपणे शोधली, आणि तीही टेलिफोनच्या तारांच्या संदर्भात. त्याआधी वर्षभर, १९५६ साली, जोसेफ क्रुस्कल यांनी सर्वांत सुटसुटीत रीत मांडली होती. त्यांनी बोरुव्कांचा उल्लेख मात्र आवर्जून केला.

क्रुस्कल यांची रीत वर्गात फळ्यावर करून पाहता येते. क हे केंद्र आणि ख, ग, घ, च हे टॉवर समजू. अंतरे किलोमीटरमध्ये अशी: घ-च २, ख-ग ३, क-ख ४, क-ग ५, ग-घ ६, ग-च ७, ख-घ ८, क-च ९. सर्वांत लहान अंतरापासून सुरुवात करून एकेक जोडणी घेत जायचे, वेटोळे होत असेल तर ती सोडायची. २, ३ आणि ४ घेतल्या. ५ घेतली तर क, ख, ग यांचे वेटोळे होते, म्हणून ती सोडली. ६ घेतली आणि काम संपले. एकूण चर १५ किलोमीटर. याहून कमीत हे जाळे होणे नाही.

पण ही अंतरे आणायची कोठून? नदीच्या दोन काठांवरचे टॉवर नकाशावर शेजारी दिसतात, प्रत्यक्षात केबलला पुलापर्यंत वळसा पडतो. येथे जीआयएस उपयोगी पडते. १९६०च्या दशकात रॉजर टॉमलिन्सन यांनी कॅनडाच्या जमिनींच्या पाहणीसाठी अशी प्रणाली उभी केली. जमीन, जंगल, शेती यांचे नकाशे संगणकात थरांसारखे एकावर एक ठेवायचे, ही तिची कल्पना. आज तसेच रस्ते, नद्या, रेल्वेमार्ग आणि आधी टाकलेल्या केबली यांचे थर रचतात. रस्त्यारस्त्याने जाणारी सर्वांत स्वस्त वाट एट्सखर डाइक्स्ट्रा यांच्या १९५९ सालच्या रीतीने काढता येते. क्यूजीआयएससारखी प्रणाली तर शाळेलाही विनामूल्य मिळते.

आता पुन्हा फळ्याकडे पाहू. ग-घ या जागी जेसीबीचा एक घाव बसला, तर घ आणि च दोन्ही टॉवर मुके होतील. सर्वांत स्वस्त जाळ्याचा हा अंगभूत दोष आहे, कारण त्यात दुसरी वाटच नसते. क-च ही ९ किलोमीटरची जोडणी वाढवली, तर पाचही बिंदूंचे कडे पूर्ण होते. मग एका ठिकाणी केबल तुटली तरी संदेश उलट्या बाजूने पोचतो. चर मात्र १५ऐवजी २४ किलोमीटर खणावा लागतो.

हे ९ किलोमीटर वाया गेले का? च हे टोकाचे गाव असेल, तेथे पूर आला असेल आणि कोणाला दवाखान्याला फोन लावायचा असेल, तर उत्तर वेगळे येईल. सर्वांत कमी तार कोणती, हे संगणक बिनचूक सांगतो. सर्वांत कमी तारच हवी का, हे आपण ठरवायचे असते. विद्यार्थ्यांना आधी १५चे उत्तर काढू द्यावे आणि मग हा प्रश्न विचारावा, असे आम्हांला वाटते.