ज्यांना शिवार ठाऊक होतं

मावळात दशक्रियेला किती माणूस आलं यावरून गेलेल्याची किंमत होते. इंद्रायणीच्या घाटावर सकाळी साडेसातच्या सुमाराला सतरंज्या पडतात, महाराजांचं प्रवचन होतं, मग पुढारी मंडळी एकामागून एक उभी राहून श्रद्धांजली वाहतात. कष्टाळू, मनमिळाऊ, वारकरी संप्रदायाचे पाईक. पिंडाला कावळा शिवला की सगळे हात जोडतात आणि पोरं मोटारसायकलींना किक मारून चाकणची, तळवड्याची कंपनी गाठायला निघतात. दुसऱ्या दिवशी पेपरात येतं, ‘त्यांच्या पश्चात दोन मुलगे, तीन मुली, सुना, नातवंडे असा परिवार आहे.’ यातलं काही खोटं नसतं. पण त्या माणसानं नव्वद वर्षांत काय पाहिलं, त्याला काय येत होतं, कोणत्या बांधावर त्याचं बालपण गेलं, यातलं अक्षरही कुठे उमटत नाही. याचं मला फार वाईट वाटतं आणि म्हणूनच हे लिहायला घेतलं.

गेल्या काही वर्षांत आमच्याकडची एक अख्खी पिढी उठून गेली. काही करोनात गेली. तेव्हा घाटावर चार माणसंसुद्धा जमू शकली नाहीत. बाकीची वय झाल्यानं, एकेक करून गेली. किन्हई, चिंचोली, झेंडेमळा, मामुर्डी, शेलारवाडी ही देहूरोडच्या अंगाखांद्यावरची गावं. या गावांतल्या म्हाताऱ्यांचं जाणं आणि इतर कुठल्या गावातल्या म्हाताऱ्यांचं जाणं यात फरक आहे, असं मी ठामपणे म्हणतो. कारण देहूरोड ही वस्ती त्यांच्या डोळ्यांदेखत जन्मली.

पुणे ते खंडाळा रेल्वे १८५८ साली धावू लागली. पुढे या मार्गावर देहूला जाणाऱ्यांसाठी जे स्टेशन झालं ते देहूरोड. स्टेशनाच्या आजूबाजूला माळ, ओढे, बाजरी-ज्वारीची रानं. मग दुसरं महायुद्ध आलं, सरकारनं इथं लष्कराची भांडारं आणि दारूगोळ्याचा डेपो उभा केला, कामाला देशभरातून माणूस आला, बाजार बसला. १९५८ साली कॅन्टोन्मेंट बोर्ड झालं, १९८४ साली ऑर्डनन्स फॅक्टरी आली. आज जो बाजार, ज्या चाळी, जी देवळं-मशिदी-विहार-चर्च दिसतात, ते सगळं एका माणसाच्या आयुष्यात मावेल एवढ्या काळात झालं. तो काळ जगलेली माणसं हाच या गावाचा इतिहास होता. दुसरी बखर कुणी लिहिलेली नाही.

माझे चुलत आजोबा नव्वदी ओलांडून गेले. डेपोसाठी जमिनी गेल्या तेव्हा ते आठ-नऊ वर्षांचे होते. त्यांना सालं सांगता यायची नाहीत, पिकं सांगता यायची. “बाजरी निसवली होती,” असंच ते सुरू करायचे. कणसांत दाणा भरायच्या आत कागद आला. वाचायला गावात एकच माणूस, त्यानं ओट्यावर बसून वाचला आणि बायका रडू लागल्या, पण आजोबांच्या वडिलांनी बैलाच्या गळ्यातली घंटा काढून घरात आणून ठेवली. बैल विकायचे हे त्यांनी तेव्हाच ठरवलं होतं. नुकसानभरपाई मिळाली ती सावकाराच्या खात्यात वळती झाली. आणि मग ज्यांची जमीन गेली त्यांनाच त्याच जमिनीवर खोदकामाला रोजानं बोलावणं आलं. पोटाला हवं होतं, गेले.

आजोबा स्वतः मोठे झाल्यावर डेपोत मजूर म्हणून लागले. ते गेटाचं वर्णन करायचे ते मला अजून पाठ आहे. रांग लावायची, पास दाखवायचा, अंगझडती द्यायची. विडी, काडेपेटी बाहेर ठेवायची. आत आगीची एक ठिणगी चालत नाही. सदऱ्याच्या खिशात चुकून काडी राहिली तर नोकरीवर गदा. “आपल्याच रानात पास दाखवून जायचं,” ते म्हणायचे. त्यात तक्रारीचा सूर नसायचा, जसं घडलं तसं सांगायचे. आत गेल्यावर त्यांच्या डोळ्यांना शेडही दिसायची आणि शेडखालचं शेतही. हे पाणंदीचं, हे टेकाडाखालचं, ही वाण्याची पट्टी, हे दोन भावांचं मधला बांध मोडलेलं. सुट्टीत भाकरी खायला ते ठरावीक आंब्याखाली बसत. तो आंबा त्यांच्या आजीनं लावलेला होता. सोबतच्या परगावच्या मजुरांना ते ठाऊक नव्हतं आणि आजोबांनीही कधी सांगितलं नाही.

आणि एक गोष्ट मला त्यांच्याबद्दल मोठी वाटते. रानांबद्दल तासन् तास बोलणारा हा माणूस डेपोतल्या कामाबद्दल अवाक्षर बोलत नसे. कोणत्या शेडमध्ये काय, किती, कुठून आलं, कुठे गेलं, काही नाही. “आतलं आत,” एवढंच. १९६५ आणि १९७१च्या लढायांत दिवसरात्र काम चाललं होतं एवढं सांगत, पुढे गप्प. निवृत्त होऊन तीन दशकं लोटली तरी आजीलाही सांगितलं नाही. ज्या सरकारनं रान घेतलं त्याच सरकारला दिलेला शब्द त्यांनी सरणापर्यंत पाळला. घाटावरच्या भाषणात हे यायला हवं होतं.

जमीन घेऊन गोष्ट संपली नाही. दारूगोळ्याच्या डेपोभोवती दोन हजार यार्डांपर्यंत, म्हणजे पावणेदोन किलोमीटरहून जास्त, बांधकामाला बंदी. कायदा १९०३चा. आमच्याकडे त्याला सगळे रेड झोनच म्हणतात. निगडी, तळवडे, किवळे, चिखली, सगळीकडे त्याची झळ आहे. ज्यांची रानं डेपोत गेली त्यांच्या उरलेल्या रानांवर आणि घरांवर ही रेषा आली. सून आली, नातू झाला, एक खोली वाढवायची तर परवानगी नाही, कर्ज नाही. सुरक्षिततेसाठी अशी रेषा लागते हे मला पटतं. दारूगोळा आहे, खेळ नव्हे. पण तीन पिढ्या त्या रेषेच्या आत जगलेल्यांचं कुणी काही देणं लागतं की नाही, हेही कुणीतरी विचारलं पाहिजे. आजोबांच्या पिढीनं विचारलं. अर्ज केले, मोर्चे काढले, पुढाऱ्यांच्या गाड्या अडवल्या. ती माणसं गेली, अर्जांच्या फायली घरोघरच्या ट्रंकांत आहेत.

आता दुसऱ्या एका आजीबद्दल. माझ्या शाळासोबत्याची आजी, देहूरोडच्या वस्तीतली. तिचे सासरे आणि नवरा दोघेही डेपोत. तिच्याकडे सांगायला एकच दिवस होता, पण तो एक दिवस अख्ख्या आयुष्याला पुरला. २५ डिसेंबर १९५४. त्या दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या हस्ते देहूरोडच्या विहारात बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना झाली. नागपूरची दीक्षा १४ ऑक्टोबर १९५६ची. त्याच्या जवळजवळ दोन वर्षं आधी हे इथं, आमच्या स्टेशनाजवळ घडलं. शाळेत आम्हाला हे कुणी सांगितलं नाही. मला आजीकडून कळलं.

विहार बांधायला वस्तीतल्या माणसांनी पगारातून पैसे काढले होते. आजी तेव्हा नवी नवरी. तिनं माहेराहून आलेली पितळी परात मोडीत दिली होती, आणि हे ती हळू आवाजात सांगायची, कारण सासूला ते पुढे कितीतरी वर्षांनी कळलं. त्या दिवशी थंडी कडाक्याची. गाड्यांतून, बैलगाड्यांतून, पायी माणूस लोटला. पोरं अंगावर घेऊन बायका जमिनीवर बसलेल्या. बाबासाहेबांची तब्येत तेव्हा बरी नव्हती. आधार घेऊन चालत होते. नुकतेच ते रंगूनच्या जागतिक बौद्ध परिषदेला जाऊन आले होते. भाषणात त्यांनी सांगितलं की साध्या माणसाला कळेल असा बौद्ध धर्मावरचा ग्रंथ आपण लिहीत आहोत. पंढरपूरचा विठ्ठल मुळात बुद्धच, असंही मत त्यांनी तिथं मांडलं. तो ग्रंथ पुढे १९५७ साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर, प्रकाशित झाला.

आजीला भाषणातलं सगळं कळलं नव्हतं, ती तसं मोकळेपणानं सांगे. ती लांब बसली होती, मांडीवरची जाऊबाईची पोर रडत होती. तिला काय आठवत होतं? माणसं उठून जायला तयार नव्हती. कार्यक्रम आटोपला तरी बायका तिथंच भाकरी सोडून बसल्या. आणि घरी जाताना नवरा पहिल्यांदा तिच्या बरोबरीनं चालला, पुढे नाही. “त्या दिवशी तो पुढं चालला न्हाई,” हे वाक्य ती मला दर भेटीत ऐकवायची. धम्मक्रांतीवर मी पुष्कळ वाचलं आहे. या एका वाक्याइतकं मला कशानं समजलं नाही.

पंचवीस डिसेंबरला दरवर्षी देहूरोडला लोक येतात, धम्मभूमीला वंदन करतात. गुडघे पार धरेपर्यंत आजी नातवाच्या स्कूटरवरून जायची. आणि हीच आजी ज्येष्ठात तुकोबांची पालखी निघाली की रस्त्याकडेला पाण्याचा माठ घेऊन बसायची. पालखी देहूहून आकुर्डीला जाते. अनगडशाह बाबांच्या दर्ग्यापाशी थांबते, चिंचोलीच्या पादुकांपाशी थांबते आणि आमच्या देहूरोडवरून पुढे निगडीकडे वळते. हा सोहळा तुकोबांचे चिरंजीव नारायण महाराजांनी १६८५ साली सुरू केला. आजीला कुणी विचारलं, आता तुम्ही बौद्ध, मग हे कशाला? ती म्हणायची, “तहान लागलेल्याला जात इचारू नये, एवढंच बाबानं शिकवलंय.” माठाजवळ तिनं कधी फलक लावला नाही, फोटो काढून घेतला नाही.

बाजारातले अण्णा मूळ तमिळ मुलखातले. वडील डेपोत कारकून म्हणून आले, ते इथलेच झाले. अण्णांचं मराठी आमच्यापेक्षा शुद्ध, फक्त ‘ळ’ जरा जास्त ठसठशीत. देहूरोडला सुब्रमण्यम स्वामींचं देऊळ आहे, तिथल्या उत्सवाला ते आम्हा पोरांना घेऊन जात आणि गणपतीत आमच्या आरतीला तबला वाजवत. बाजारात तेव्हा तेलुगू, मल्याळी, पंजाबी, कानडी सगळं ऐकू यायचं. गेल्या पावसाळ्यात अण्णा गेले. त्यांच्या दारात चार भाषांत रडणं चालू होतं.

आत्याआजी शेलारवाडीला दिलेली. तिचं सगळं आयुष्य डोक्यावरच्या ओझ्यात गेलं. पहाटे दूध, भाजी, उन्हाळ्यात करवंदं-जांभळं घेऊन स्टेशन गाठायचं, खडकीपर्यंत जायचं, विकून दुपारच्या गाडीनं परत. १९७८ साली लोणावळा-पुणे लोकल सुरू झाली तेव्हा तिला केवढा आनंद झाला होता! एक्स्प्रेसच्या डब्यात टोपली घेऊन चढताना जी बोलणी खावी लागत ती थांबली. बहात्तरच्या दुष्काळात ती खडी फोडायला होती. हाताच्या अंगठ्याचं नख त्यातच कायमचं वाकडं झालं. मिलोची लाल भाकरी, सुकडी, आणि मुकादम हजेरी मांडताना एक दिवस कमी मांडतो म्हणून तिनं भिंतीवर कोळशानं ओढलेल्या रेघा. महाशिवरात्रीला घोराडेश्वराचा डोंगर ती शेवटपर्यंत चढत राहिली. वर प्राचीन बौद्ध लेणी आहेत, त्यात महादेव आहे आणि तुकोबाही चिंतनाला तिथं येत. आत्याआजीला या तिन्हीत काही अडचण दिसली नाही. ती वर जाऊन आधी टाक्याचं गार पाणी प्यायची.

अशी माणसं गेल्यावर काय जातं ते मला कळलं एका साध्या प्रसंगात. घरातल्या वाटणीच्या वेळी एका तुकड्याची चतुःसीमा सांगायची वेळ आली. सातबाऱ्यावर गट नंबर होता, नकाशा होता, मोजणीचे दगड होते. पण ओढ्याकडच्या बाजूला आधी वाट होती की नव्हती, हे सांगणारं कुणी राहिलं नव्हतं. सगळ्यांनी एकाच वेळी आजोबांच्या रिकाम्या बाजेकडे पाहिलं.

तेव्हापासून रविवारी मी वही घेऊन निघतो. अजून काही मंडळी आहेत. एक गोष्ट ध्यानात आली, “जुनं काही सांगा” असं विचारलं की म्हातारी माणसं देवाधर्माचं बोलतात किंवा “आमच्या येळी लई हाल” म्हणून थांबतात. त्यांना विचारावं, मीठ कुठून आणायचात? बाळंतपण कोण करायचं? पहिला टेरिकॉटचा सदरा गावात कुणाच्या अंगावर आला? मग मात्र बांध फुटतो. एका आजींनी मला डेपोच्या भोंग्यावर भाकरीचं पीठ मळायला घ्यायचं गणित सांगितलं. एका नानांनी लग्नाच्या वरातीत लष्करी ट्रक कसा मागून आणला ते सांगितलं, आणि ट्रकवाल्या साहेबाचं नाव लिहू नको म्हणून बजावलं.

गेल्या रविवारी दोघा म्हाताऱ्यांना एकत्र बसवलं. दोघेही पंच्याऐंशीच्या पुढचे, एकमेकांचे मेव्हणे. स्टेशनापासून देहूला जाणारी जुनी गाडीवाट ओढ्याच्या कुठल्या अंगानं होती, एवढाच प्रश्न. एक म्हणाले, उजव्या. दुसरे म्हणाले, तुझ्या बापानं बैलं कधी हाकलीत का त्या वाटेनं? डाव्या. पावसाळ्यात उजवीकडं चाक रुततं, काळी माती आहे तिथं. पहिले म्हणाले, काळी माती खाली, वर मुरूम, मी स्वतः गाडीला जू घातलंय. चहा आला, गार झाला. शेवटी दोघांनी काठ्या घेतल्या, चपला घातल्या आणि मला म्हणाले, चल, गाडी काढ, दाखवतो. जिथवर जाता आलं तिथवर गेलो. तारेच्या कुंपणापाशी उभे राहून दोघेही काठीनं आतलं रान दाखवत होते, एक उजवीकडे, दुसरा डावीकडे, आणि मी दोन्ही लिहून घेत होतो.