पोपची प्रमादातीतता
१२. पोप कधीच चुकत नाहीत, असा या सिद्धान्ताचा अर्थ नाही. पहिल्या व्हॅटिकन परिषदेने १८ जुलै १८७० रोजी त्याच्या अटी स्पष्ट केल्या : पोपनी सर्व ख्रिस्ती जनांचे गुरू या नात्याने, श्रद्धा किंवा नीती यांविषयीची शिकवण संपूर्ण ख्रिस्तसभेवर बंधनकारक म्हणून निश्चित केली, तरच ती प्रमादातीत ठरते. त्यानंतर या रीतीने एकच घोषणा झाली. मरियेला सदेह स्वर्गात घेतले गेले, हा धर्मसिद्धान्त बाराव्या पायस यांनी १९५० मध्ये जाहीर केला. त्यासाठी १९४६ मध्ये जगभरच्या बिशपांचे मत पत्राने मागवले होते. संततिनियमनावरील पोपच्या १९६८च्या परिपत्रकाला हा दर्जा दिलेला नाही. तरीही पोपच्या अशा शिकवणीपुढे श्रद्धावंतांनी मनाने व बुद्धीने नमावे, असे दुसरी व्हॅटिकन परिषद सांगते. अधिकाराच्या या पायऱ्या ध्यानात घेतल्याशिवाय पोपच्या शिकवणीविषयीचे वाद नीट समजत नाहीत. —संपा.