एका ओळीची दुरुस्ती, आणि ती तपासणारे

३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख असलेली एक पुस्तिका अमेरिकेतील बेल लॅब्समध्ये तयार झाली. केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांच्या युनिक्स या नव्या संगणक-प्रणालीचे ते पहिले मॅन्युअल. त्यातील पानांवर दोन मथळे आजही लक्ष वेधून घेतात: 'दोष' आणि 'मालक'.

'दोष' या मथळ्याखाली ठाऊक असलेल्या उणिवा लिहिलेल्या असत. अडचण आल्यास कोणाला विचारावे, ते 'मालक' सांगे. स्वतःच्या निर्मितीतील व्यंग स्वतःच नोंदवण्याचा हा प्रामाणिकपणा त्या काळीही दुर्मीळच होता.

त्यांचे सहकारी डग मॅकिलरॉय यांनी पुढे एक मार्मिक आठवण सांगितली. पान लिहिताना एखादी गोष्ट सांगणेच लाजिरवाणे वाटू लागले, की अनेकदा प्रोग्रामच सुधारला जाई.

१९९१ साली लिनस टॉरवाल्ड्स यांनी लिनक्स सुरू केले. पानांची ही रीत तेथेही आली, पण मालक उरला नाही. जगातील कोणीही दुरुस्ती पाठवू शकत होता. साहजिकच आलेली प्रत्येक ओळ पारखणारा कोणीतरी हवा होता. रिक फेथ, १९९५ पासून आंद्रिस ब्राउवर आणि २००४ पासून मायकेल केरिस्क यांनी हे काम क्रमाने सांभाळले.

शुद्धलेखनाची चूक क्षणात स्वीकारता येते. परंतु वाक्य प्रणालीच्या वर्तनाविषयी असेल, तर तपासणारा आधी विचारतो: हे तुम्हाला कशावरून कळले? मूळ कोड वाचून, चाचणी-प्रोग्राम चालवून, की प्रमाण-दस्तऐवज पाहून? पाठवणाऱ्याने हे सांगावे, अशी या प्रकल्पाची अपेक्षा असते. शिवाय वेगवेगळ्या दुरुस्त्या वेगवेगळ्या पाठवाव्यात. म्हणजे एक संशयास्पद ठरली तरी उरलेल्या अडकत नाहीत.

ही काटेकोर चौकशी कशासाठी, ते एका उदाहरणावरून कळते. २०१० च्या २.६.३३ या आवृत्तीत 'रिसीव्ह-एमएमएसजी' ही सोय आली. नेटवर्कवरून येणारे अनेक संदेश ती एकाच वेळी उचलते. तिला कालमर्यादाही देता येते. वाचणारा समजणार, वेळ संपली की प्रतीक्षा संपली. प्रत्यक्षात वेळ तपासली जाते ती एखादा संदेश आल्यानंतरच! मागितलेल्यापैकी काही संदेश आले आणि पुढे एकही आला नाही, तर प्रोग्राम कायमचा खोळंबून राहतो.

अशा वेळी चूक कोणाची, पानाची की कोडची? उद्देश लिहावा, की वास्तव? पानाने वास्तव लिहिले, तेही 'दोष' याच जुन्या मथळ्याखाली. त्या दोन-तीन वाक्यांवर विसंबून कुणीतरी आपला सर्व्हर वाचवतो. ती चुकीची असती, तर त्याला दोष शोधायला कोडच्या तळाशी उतरावे लागले असते. म्हणून 'किरकोळ दुरुस्ती' हा शब्द फसवा आहे.

फाइलींमधील बदल कळवणाऱ्या 'आयनोटिफाय' या सोयीची गोष्ट याहून रंजक आहे. ती २००५ साली आली. 'एकदाच कळव' असे सांगणारा तिचा एक पर्याय २.६.१६ या आवृत्तीपूर्वी चालतच नव्हता. कोडमधील चूक सुधारली गेली. पानावरची नोंद मात्र त्यानंतरही ठेवली गेली, कारण जुनी आवृत्ती चालवणारे यंत्र कुठेतरी सुरू असू शकते.