सोंगामागचा संसार

सोंग घेणाऱ्या किड्यांचा विषय काढला की मागच्या बाकावरची पोरंसुद्धा मान वर करतात, हा माझा नोकरीभरचा अनुभव. त्यात मँटिस्पाचं चित्र लावलं की कुजबुज ठरलेली. पुढचे पाय प्रार्थनाकीटकाचे, पंख जाळीदार. अमेरिकेतल्या क्लायमासिएला ब्रुनिआ या त्याच्या भाऊबंद जातीचं तर अंगही थेट गांधीलमाशीचं, तपकिरी आणि पिवळ्या पट्ट्यांचं. ‘‘सर, हा नेमका कोण?’’ पोरं विचारायची. युरोपातल्या विद्वानांना हाच प्रश्न शंभरावर वर्षं पुरला. त्याची हकिगत मला त्या सोंगाहून रंगतदार वाटते.

तिची सुरुवात ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरी होते. तिथे निकोलाउस पोडा नावाचे जेझुइट पाद्री कीटकांचा संग्रह सांभाळत. 1761 मध्ये त्यांनी त्या संग्रहाची यादी छापली. लिनियसची दोन नावांची पद्धत तेव्हा नवी कोरी होती आणि ती उचलणाऱ्या पहिल्या काही जणांत पोडा होते. ग्राझ ज्या प्रांतात आहे त्या स्टायरियाचं नाव त्यांनी या किड्याला दिलं आणि त्याला रॅफिडिया या लांब मानेच्या कीटकांत बसवलं. पुढे 1772 मध्ये पीटर सायमन पालास यांनी रशियाच्या मुलखातल्या त्याच्या एका भाऊबंदाची नोंद केली, ती मात्र प्रार्थनाकीटकांच्या घराण्यात. एकाने मान पाहिली, दुसऱ्याने पाय पाहिले. पंखांकडे नीट पाहणाऱ्यांनी शेवटी त्याला जाळीपंखी कीटकांत आणलं. प्रार्थनाकीटकाशी त्याचं रक्ताचं नातं नाही. झडप घालून शिकार धरायची तर पाय तसेच लागतात, म्हणून दोघांकडे ते वेगवेगळ्या वाटांनी आले.

गांधीलमाशीचं सोंग घेणारी जात कागदावर आणली फिलाडेल्फियाच्या थॉमस से यांनी, 1824 मध्ये. तिचा बेत बघण्यासारखा आहे. गांधीलमाशी बसताना पंख लांबीच्या दिशेने दुमडते, त्यामुळे ते अरुंद आणि गडद दिसतात. या किड्याला पंख तसे दुमडता येत नाहीत. मग काय, त्याच्या पंखाच्या पुढच्या कडेलाच तपकिरी पट्टा आहे आणि उरलेला पंख काचेसारखा पारदर्शक. लांबून नजरेत भरतो तो फक्त पट्टा. डिवचलं तर पंख पसरून पोट वर वळवतो, जणू आता नांगी मारणार. नांगी नाहीच! एवढा धाक जमवून स्वारी फुलावर बसते आणि मध प्यायला येणाऱ्या लहान किड्यांना पुढच्या पायांत पकडून खाते.

अशा सोंगांचा अर्थ मात्र नंतर उलगडला. हेन्री वॉल्टर बेट्स 1848 ते 1859 अशी अकरा वर्षं ॲमेझॉनच्या जंगलात होते. किडे आणि फुलपाखरं पकडून लंडनच्या दलालामार्फत विकायची, हा त्यांचा पोटापाण्याचा धंदा. 1862 मध्ये छापलेल्या निबंधात त्यांनी मांडलं, की एखाद्या बेचव प्राण्याला पक्षी टाळत असतील, तर त्याच्यासारखा दिसणारा चवदार प्राणीही वाचतो आणि पिढ्यान्‌पिढ्या ते साम्य वाढत जातं. नांगीलाही तोच हिशेब लागू पडतो. पुढे पॉल ऑपलर यांनी 1981 मध्ये दाखवलं, की कोस्टारिकात क्लायमासिएला ब्रुनिआ या एकाच जातीची पाच रंगरूपं आढळतात आणि ती तिथल्या वेगवेगळ्या गांधीलमाश्यांशी जुळतात.

मोठेपणीचं रूप असं उलगडलं. पण मँटिस्पाचं बालपण जातं कुठे? त्याचं उत्तर व्हिएन्नात मिळालं. फ्रीडरिश ब्राउअर यांचा जन्म 1832 चा. 1852 मध्ये, म्हणजे विशीतच, त्यांनी मँटिस्पाची अंडी मिळवून अळ्या बाहेर आणल्या. केसाएवढ्या देठांवर उभी असलेली बारीक अंडी आणि त्यांतून निघालेल्या सडपातळ, चपळ अळ्या. काही केल्या त्या खाईनात. हिवाळा उपाशीच गेला, तरी मेल्या नाहीत. त्या कशाची वाट पाहत होत्या, हे पुढे सतरा वर्षं कोडं राहिलं. मधे 1862 मध्ये व्हिएन्नातलेच आलोइस रोगेनहोफर यांनी मँटिस्पाचा संबंध कोळ्याच्या अंडपिशवीशी जोडला. मग 1869 मध्ये ब्राउअर यांनी सगळी साखळी जुळवली. वसंतात तशाच उपाशी अळ्यांना त्यांनी लांडगा कोळ्याच्या अंडपिशव्या दिल्या आणि त्या पिशवी भोकसून आत गेल्या. आत गेलेली अळी कोळ्याची अंडी शोषून घेते. कात टाकल्यावर चपळपणा संपतो, पाय नावापुरते उरतात आणि ती गुबगुबीत होते. मग तिथेच, रिकाम्या अंड्यांच्या टरफलांत, ती कोष विणते. बालपणातच असं रूप पालटण्याला फ्रान्सच्या फाब्र यांनी ‘अतिरूपांतरण’ म्हटलं होतं. ब्राउअर यांनी आपल्या लेखात त्याचीही चर्चा केली.

मला यात खरा नायक ब्राउअर वाटतात. त्यांना बाकीच्यांहून चांगलं भिंग मिळालं होतं असं नाही. खात नाहीत म्हणून अळ्या फेकून न देता त्यांनी प्रश्न जपून ठेवला. आमच्या कॉलेजच्या संग्रहालयात मात्र मँटिस्पाच्या बाटलीवर ‘प्रार्थनाकीटक’ अशी चिठ्ठी होती आणि बदलायला परवानगी मागितली तर उत्तर आलं, ‘‘दप्तरात जे आहे तेच राहू द्या.’’ पालास यांची चूक निदान अठराव्या शतकातली होती.

अमेरिकेतल्या सोंगाड्याचं बालपण कळायला 1983 उजाडलं. रेडबोर्ग आणि मॅकलिओड यांनी दाखवलं, की क्लायमासिएलाच्या अळ्या पिशवी शोधत फिरत नाहीत. शेपटावर ताठ उभ्या राहून त्या जाणाऱ्या कोळ्याची वाट पाहतात आणि पायाचा स्पर्श होताच वर चढतात. कोळीण अंड्यांभोवती रेशीम गुंडाळू लागली, की अळी त्याच क्षणी आत शिरते. तोवर ती कोळ्याच्या अंगावर राहून त्याच्या रक्तावर जगते.

हा प्रवास किती जुना आहे, त्याचाही पुरावा मिळाला. 2011 मध्ये बर्लिनच्या मिखाएल ओल यांनी बाल्टिक किनाऱ्याच्या अंबरमधला सुमारे 4 कोटी 40 लाख वर्षांपूर्वीचा कोळी तपासला. त्याच्या कमरेशी मँटिस्पाच्या कुळातली अळी चिकटलेली होती. कोळ्यावर चढण्याचा हा रिवाज माणूस जन्मायच्या फार आधीचा ठरला.

याचा उपयोग काय, असं विद्यार्थी हटकून विचारतात. त्यांना मी एक काम देतो. पावसाळ्यात बांधावर, अंडपिशवी शेपटाला लावून पळणारी लांडगा कोळीण सापडते. ती पिशवी एका बरणीत ठेवावी, तोंडाला मलमल बांधावी, तारीख लिहावी आणि बाहेर काय येतं ते पाहावं. बहुतेकदा कोळ्याची पिल्लंच निघतात, तेही लिहून ठेवावं. ब्राउअर यांचं काम अशाच नोंदींनी उभं राहिलं.